रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणे!

कोपऱ्यावरच्या वहिनींनी ऐन थंडीत नवा टेबल फॅन आणला, ही बातमी आमच्या गल्लीत दूधवाल्याच्याही आधी फिरली. अंबाजोगाईची डिसेंबरातली थंडी, त्यात आमची गल्ली गावाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटांत. भाऊजी कानटोपी घालून दोन रजयांखाली, आणि वहिनी पलंगाच्या दुसऱ्या कडेला फॅन तोंडावर घेऊन. रात्रीतून दोनदा उठून गाऊन बदलतात म्हणे. हे भाऊजींनी कट्ट्यावर आमच्या ह्यांना सांगितलं, ह्यांनी मला सांगितलं, आणि मी कुणाला सांगणार? सिस्टरना.

सिस्टर आमच्या सख्ख्या शेजारी. अख्खी नोकरी सरकारी दवाखान्यात, त्यातली निम्मी लेबर रूममध्ये. रिटायर झाल्या तरी गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. आमच्यामधली भिंत कमरेएवढीच आहे. बांधणाऱ्यानं विटा वाचवल्या आणि आमचं कल्याण केलं. सकाळी अकराच्या सुमाराला, पुरुषमंडळी पांगली की, त्या तिकडून ओल्या तुरीच्या शेंगा घेऊन येतात, मी इकडून माझं सूप. दोघींचे हात चालू आणि तोंडंही.

"पाळी चाललीय तिची," सिस्टर म्हणाल्या. चेहऱ्यावर नवल नावाला नाही.

"कुठली चाललीय? परवाच्या मार्गशीर्षातल्या गुरुवारी माझ्याकडे हळदीकुंकवाला आली नाही, अडचण आहे म्हणाली. त्याच्या आधीच्या पंधरवड्यातही अडचणच होती. मला वाटलं बहाणे करतेय, माझ्याशी काहीतरी बिनसलंय."

"अहो वहिनी, जाताना अशीच जाते. दोन महिने पत्ता नाही, मग पंधरा दिवसांत दोनदा, आणि कधी आली की थांबायचं नाव घेत नाही. वय काय तिचं?"

"माझ्यापेक्षा वर्षानं मोठी. म्हणजे ४७. सांगते ४४."

"मग बरोबरच आहे. आपल्याकडच्या बायकांची साधारण ४६-४७ला थांबते. युरोप-अमेरिकेत ५१ धरतात. आणि थांबायच्या आधी काही वर्षं हा तमाशा चालतो."

आता माझ्याकडची खरी बातमी मी राखून ठेवली होती, ती काढली. वहिनींनी तपासण्या केल्यात. लॅबवाल्याला चांगले पैसे मोजून हार्मोनचं पानभर पॅकेज केलं आणि सगळं नॉर्मल आलं. भाऊजी तेव्हापासून तो कागद जवळ बाळगल्यासारखे वागतात. बाई घामानं निथळत असली, रात्र रात्र जागी असली, तरी भाऊजींचं एकच, "रिपोर्ट नॉर्मल आहे. मनाचे खेळ आहेत तुझ्या."

सिस्टरनी हातातली शेंग खाली ठेवली. त्या शेंग खाली ठेवतात तेव्हा समोरच्यानं गप्प बसायचं असतं.

"कुठल्या दिवशी रक्त दिलं होतं तिनं? ते विचारलं का कुणी? लोकांना वाटतं, बाईचं वय झालं की हार्मोन संथपणे उतरत जातं आणि एक दिवस संपतं. तसं झालं असतं तर बायकांना इतका त्रासच झाला नसता. त्रास उतरण्यापेक्षा झोके घेण्याचा जास्त आहे. लाईट जायच्या आधी व्होल्टेज कसं वरखाली होतं, बल्ब एकदम भगभगतो, मग निखाऱ्याएवढा होतो, फ्रीज धडधडायला लागतो? अंधारात माणूस मेणबत्ती लावून निभावतो हो. पण ह्या वरखालीत वस्तू जळतात. आणि तुम्ही नेमक्या ज्या मिनिटाला मीटर लावून बघितलं, तेव्हा दोनशेतीस दाखवत असेल, तर भाऊजी म्हणणार, बघा, सप्लाय नॉर्मल!"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. मुलगी जन्माला येते तीच दहा-वीस लाख बीजं घेऊन. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चार-पाचशे. बाकीची आपसूक जिरून जातात आणि पाळी थांबायच्या सुमाराला हजारभर उरतात. मुलं झाली नाहीत म्हणून उरली, मुलं जास्त झाली म्हणून संपली, असला काही हिशेब त्यात नाही.

तर बीजं कमी झाली की अंडाशयाकडून वर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला "पुरे आता" असा जो निरोप जायचा, तो जाईनासा होतो. मग पिट्युटरी आपलं एफएसएच नावाचं हार्मोन वाढवते आणि अंडाशयाच्या मागे लागते. अंडाशय कधी दाद देत नाही, कधी एकदम जोरात देतं. त्या महिन्यात इस्ट्रोजेन ऐन विशीत नव्हतं इतकं चढतं. पुढच्या महिन्यात धाडकन खाली. म्हणजे कमी झालं कमी झालं म्हणून आपण ज्याच्या नावानं रडतो, ते ह्या काळात कधीकधी उतू जात असतं!

आणि आधी घसरतं ते दुसरंच, प्रोजेस्टेरॉन. बीज बाहेर पडलं तरच ते नीट तयार होतं. चाळिशीनंतर काही महिने बीज सुटतच नाही. इस्ट्रोजेन मात्र गर्भपिशवीचं अस्तर चढवत राहतं, त्याला आवर घालायला प्रोजेस्टेरॉन नाही. मग ते जाड झालेलं अस्तर एकदा कोसळतं, आणि बाई दर तासाला पॅड बदलते, गाठी पडतात, अंगात रक्त राहत नाही. "हे पण नॉर्मलच म्हणायचं का?" सिस्टर म्हणाल्या. "पंचेचाळिशीपुढच्या बाईला ही लक्षणं असली तर एफएसएच करायचं कारणच नसतं, आज एक येईल, महिन्यानं दुसरं. चाळिशीच्या आतलीची पाळी गेली असेल तर करा जरूर, तेही दोनदा करा. हिचं काय बघायला हवं होतं? हिमोग्लोबिन. थायरॉईड, कारण त्याचा घाम, धडधड आणि ह्याचा घाम, धडधड सारखीच दिसते. साखर, बीपी. एवढं अंगावर जातंय तर सोनोग्राफी. ते राहिलं बाजूला आणि पॅकेज केलं."

मी म्हटलं, पण तिची चिडचिड? मागल्या आठवड्यात तिनं कुकरचं झाकण असं आपटलं की आमच्या मांजरानं दोन दिवस तिकडं पाऊल टाकलं नाही.

"प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत एक द्रव्य तयार होतं, ते डोकं शांत ठेवतं, झोप आणतं. ते कमी पडलं की पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. त्यात घामानं झोपमोड. महिनाभर अशी झोप झाली तर तुम्ही-आम्हीही झाकणं आपटू. आणि वहिनी, एक सांगू? सगळंच हार्मोनवर नका ढकलू. थोडं भाऊजींवरही राहू द्या."

हे मात्र मला पटलं. पोराची बारावी, सासूचं मोडलेलं खुब्याचं हाड, नवऱ्याची कानटोपी. हार्मोन शाबूत असते तरी बाई चिडलीच असती. गंमत अशी की बाई बरोबर कारणानं चिडली तरी आता घरात एकच औषध, "हिचं वय झालंय."

वहिनींच्या अंगातून उठणाऱ्या त्या गरम वाफा मी एकदा समोर बसून पाहिल्यात. बचतगटाची मीटिंग होती, वहिनी हप्ते लिहून घेत होत्या. लिहिता लिहिता पेन थांबलं. आधी गळ्याखाली लाली आली, मग ती मानेवरून कानशिलांपर्यंत चढत गेली, कानाच्या पाळ्या लालबुंद. वरच्या ओठावर घामाचे थेंब, कपाळावर कुंकवाची टिकली सरकायला लागली. त्यांनी वहीनंच वारा घेतला. दोन-तीन मिनिटांत सगळं ओसरलं, आणि लगेच पदर अंगाभोवती गच्च ओढून घेतला, कारण आता थंडी वाजत होती. आणि हिशेबात एक रुपयाची चूक नाही, बरं का.

सिस्टरचं म्हणणं, मेंदूत हायपोथॅलॅमस म्हणून एक जागा आहे, अंगाची उष्णता सांभाळणारी. एरवी उष्णता जराशी वरखाली झाली तर ती दुर्लक्ष करते. इस्ट्रोजेन गडबडलं की तिथल्या काही पेशी मोकाट सुटतात, आणि ती दुर्लक्ष करायची मर्यादा अगदी अरुंद होते. गरम चहाचा घोट, चुलीपुढची दोन मिनिटं, नुसतं मनाला लागलेलं बोलणं, एवढ्यानंही अंगाला वाटतं आता आग लागली, की सगळ्या नळ्या उघडून घाम! त्या पेशींना आवरणारी एक गोळी, फेझोलिनेटंट, अमेरिकेत २०२३ला मंजूर झाली. तिच्यात हार्मोन नाही. आणि वाफा दोन-चार महिन्यांत जातील म्हणणाऱ्यांसाठी, अमेरिकेत हजारो बायकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून केलेल्या एका अभ्यासात ह्या वाफा निम्म्या बायकांना सात वर्षांहून जास्त पुरल्या. मी मनातल्या मनात माझी सात वर्षं मोजली आणि गप्प बसले.

"बरं, पण पाळी गेली असं म्हणायचं केव्हा?" मी विचारलं.

"शेवटच्या पाळीनंतर सलग बारा महिने काही नाही, तेव्हा. अकराव्या महिन्यात आली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि तोवर बीज कधी सुटेल नेम नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर दिवस जाऊ नयेत म्हणून पुढं दोन वर्षं काळजी घ्यायची, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष."

ह्यावर मला आमच्या एका लांबच्या चुलतसासूबाई आठवल्या. पाळी गेली म्हणून निर्धास्त होत्या. सुनेच्या डोहाळजेवणात सगळ्यांत जास्त मळमळ सासूलाच. मामा आणि भाचा एका पाळण्यात वाढले असं म्हणतात ते ऐकलं होतं. इथं काका आणि पुतण्या वाढले. गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

हसून झाल्यावर मी ती गोष्ट काढली जी खरं तर सांगायची म्हणून मी भिंतीशी आले होते. भाऊजी म्हणाले म्हणे, "पिशवीच काढून टाकू. एकदाची कटकट जाईल."

सिस्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी आमच्या मागच्या दाराकडे पाहिलं. तिथं आमच्याकडे भांड्याला येणारी बाई राख घेऊन बसली होती. बसली म्हणजे, पाटावर. तिला आता खाली उकिडवं बसता येत नाही, कंबर धरते. वय चाळीसच्या आत. दहा वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. दोघं मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, एक दिवस रजा घेतली की खाडा, म्हणजे उलटे पैसे कापून घ्यायचे. पालावर ना पाणी ना आडोसा, पाळीत फडावर उभं राहायचं. अंगावर पांढरं जातंय, पोटात दुखतंय म्हणून एका खाजगी दवाखान्यात गेली, त्यांनी सांगितलं, ठेवलीस तर कॅन्सर होईल. तिशीत पिशवी गेली, उचलीतूनच बिल भरलं. बरोबर अंडाशयं काढली का ठेवली, हे तिला आजतागायत ठाऊक नाही. कागद आहे, तो इंग्रजीत आहे.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ला आमच्या बीड जिल्ह्याचं नाव ह्या पायी सगळीकडे गाजलं. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ऊसतोडीच्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली.

"पिशवी हार्मोन बनवत नाही, अंडाशयं बनवतात," सिस्टर म्हणाल्या. "तीही काढली तर जे चार-पाच वर्षांत व्हायचं ते एका रात्रीत होतं. सकाळी ऑपरेशन, दोन-चार दिवसांत वाफा सुरू. आणि ठेवली तरी पुष्कळदा ती वेळेआधी थकतात. तिशीत हार्मोन गेलं म्हणजे हाडांची राखण कितीतरी वर्षं आधी गेली, काळजाचीही. अशा बाईला दुसरी काही अडचण नसेल तर पन्नाशीपर्यंत बाहेरून हार्मोन द्यायला हवं. हिला कुणी कॅल्शियमची गोळी तरी दिली का?"

दिली नव्हती. मी दिली नव्हती, दवाखान्यानं दिली नव्हती, मुकादमानं तर नाहीच. आता तिची हाडांची तपासणी सिस्टर करून घेणार आहेत.

"म्हणजे पिशवी कधी काढूच नये?"

"असं कुठं म्हटलं? मोठ्या गाठी असतील, अस्तरात वाईट काही निघालं, औषधं थकली, तर काढावीच. पण आधी अस्तर तपासा, गोळ्या बघा, हार्मोन सोडणारं छोटं साधन पिशवीत बसवता येतं ते बघा. एवढ्यानं पुष्कळ जणींचं भागतं. जिची दोन-तीन वर्षांत आपोआप थांबणार आहे, तिचं पोट उगीच कशाला फाडायचं?"

मी आवाज खाली आणला. हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो, असं पलीकडच्या आळीत सगळ्या म्हणतात, आणि त्या गोळ्या घोडीच्या मुतापासून करतात असंही. मला वाटलं सिस्टर हसतील. त्या म्हणाल्या, "दुसरं तर खरंच आहे." १९४२ला अमेरिकेत प्रेमारिन नावाची गोळी आली, ती गाभण घोडीच्या मुतातून काढलेल्या इस्ट्रोजेनची. माझी सोवळ्यातली आजी आठवून मला अंगावर काटा आला. आता वनस्पतींपासून बनवलेलं मिळतं, जेल मिळतं, अंगाला चिकटवायची पट्टी मिळते, हा त्यातल्या त्यात दिलासा.

कॅन्सरचं मात्र अर्धवट ऐकलेलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा दोन हार्मोन एकत्र देण्याचा भाग २००२ला मध्येच थांबवला, कारण स्तनांच्या कॅन्सरचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं, रक्ताच्या गुठळ्याही. बातमी जगभर झाली, बायकांनी गोळ्या फेकून दिल्या, डॉक्टरांनी लिहिणं सोडलं. पण त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३! पाळी जाऊन दहा-दहा वर्षं झालेल्या. साठीच्या आत, पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं, तर बहुतेक जणींना धोक्यापेक्षा फायदा जास्त, असं आता मानतात. ज्यांची पिशवी आहे त्यांना इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं, नाहीतर अस्तर पुन्हा चढतं. स्तनांचा कॅन्सर होऊन गेलाय, पायात गुठळी झालीय, लिव्हर बिघडलंय, कारण न कळता रक्त जातंय, अशांना नाही. "मेडिकलमधून आपल्या मनानं आणायची वस्तू नव्हे ती. पण बागुलबुवाही नव्हे."

जवस, सोयाबीन खाऊन वाफा जातात का, हेही मी विचारलं, कारण आमच्या घरात जवसाची चटणी बारा महिने असते. "चटणी खा, चांगलीच असते," एवढंच उत्तर मिळालं. नाचणी आणि तीळ ह्यांच्याबद्दल मात्र त्या जास्त गंभीर होत्या, कारण पाळी थांबल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं सगळ्यांत झपाट्यानं विरळ होतात. शिवाय ऊन आणि जड उचलणं. गिरणीला दळण ह्यांच्याबरोबर न पाठवता स्वतः न्या, हा सल्ला मी ह्यांना अजून सांगितलेला नाही.

शेवटी सिस्टरनीच इकडंतिकडं पाहून आवाज खाली घेतला. सगळ्यांत जास्त बायका लपवतात ते वेगळंच असतं म्हणे. वाफा काय, आज ना उद्या जातात. पण खालची कातडी पातळ, कोरडी होते, नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही, गेलं तर दुखतं. लघवीला जळजळ, सारखी घाई, सारखं इन्फेक्शन. हे आपोआप जात नाही, उलट वाढत जातं. बायका अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स घेतात आणि नवऱ्याला उपासाची कारणं सांगतात. त्यावर इस्ट्रोजेनचं मलम मिळतं, तिथल्या तिथं लावायचं, रक्तात जेमतेम उतरतं. "लेबर रूममध्ये ओरडायला लाजल्या नाहीत, ह्याला लाजतात," सिस्टर म्हणाल्या.

"आणि एक लक्षात ठेवा. वर्षभर पाळी बंद झाल्यावर पुन्हा एक डाग जरी दिसला, तरी देवीचा कौल वगैरे समजून बसायचं नाही. त्याच आठवड्यात दवाखाना. अस्तराचा कॅन्सर असाच बोलतो, आणि लवकर सापडला तर सुटतो."

तुरीच्या शेंगा संपल्या होत्या. माझ्या सुपात मूठभर तांदूळ पाखडायचे राहिले होते ते तसेच.

"मग वहिनींचं काय करायचं?" मी म्हटलं.

"काय करायचं म्हणजे? मंगळवारी मी घेऊन जाते. भाऊजींनाही यायला सांगा. आणि बाहेर बाकड्यावर मोबाईल बघत नाही बसायचं. आत, तिच्या शेजारच्या खुर्चीत. तो रिपोर्टचा कागद घेऊन."